जुना स्लिम डीव्हीडी ड्राइव्ह बसवला, पण कॉम्प्युटरला दिसत नाही: कुठून तपासायला घ्यायचं

एका लॅपटॉपचा स्लिम डीव्हीडी ड्राइव्ह काढून दुसऱ्या लॅपटॉपला किंवा छोट्या डेस्कटॉपला बसवायचा, हे काम पाच मिनिटांचं वाटतं. एक स्क्रू काढायचा, ड्राइव्ह आत सरकवायचा, झालं. माझ्या टेबलावर मात्र दर महिन्याला असे दोन-तीन ड्राइव्ह येतातच आणि आणणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं, "हा गेलाय, दुसरा बघा." तपासायला घेतलं की त्यातले बरेचसे ठणठणीत निघतात. दोष असतो तो ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या बोटभर जागेत. कनेक्टर पूर्ण बसलेला नसतो, ॲडॅप्टर चुकीचा असतो, वीज कमी पडत असते, नाहीतर ड्राइव्हच्या मागची पत्र्याची छोटी पट्टी जुन्या लॅपटॉपसोबत भंगारात गेलेली असते.

ड्राइव्हची गरज अजून संपलेली नाही. एमआरआय सेंटर आजही रिपोर्टसोबत सीडी देतं. लग्नाचं, मुंजीचं शूटिंग डीव्हीडीवर पडून आहे. मधल्या काळात पुष्कळ जणांनी ड्राइव्ह काढून त्या खाचेत कॅडी (ड्राइव्हच्या आकाराची चौकट) घालून एसएसडी बसवली आणि आता ड्राइव्ह परत हवाय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक कामाकडे जाणारा आहे, तो शक्यतो मोडू नका.

आधी लक्षण नीट ओळखा

दिवा लागत नाही, बटण दाबून ट्रे येत नाही: ड्राइव्हला वीजच पोचत नाहीये.

दिवा लागतो, ट्रे येतो, पण ड्राइव्हचं नाव कुठेच दिसत नाही: वीज आहे, डेटाची वाट तुटलेली आहे.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) नाव दिसतं, विंडोजमध्ये नाही, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो: हे सॉफ्टवेअरचं दुखणं आहे, स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा.

काही दिवस चालतो आणि गायब होतो, काढून परत बसवला की पुन्हा चालतो: परत परत येणारी तक्रार बहुतेक वेळा हीच असते. ड्राइव्ह जागेवर घट्ट नाही.

जुन्या आयडीई (रुंद कनेक्टरची जुनी जोडणी) ड्राइव्हच्या बाबतीत, तो लावला की हार्ड डिस्कही दिसेनाशी होते किंवा मशीन सुरू होतानाच अडकतं: मास्टर-स्लेव्हचं भांडण, म्हणजे एकाच केबलवरच्या दोन ड्राइव्हमध्ये पहिला कोण, दुसरा कोण याचा गोंधळ.

ड्राइव्ह दिसतो, पण डिस्क नुसती गरगरते, किंवा सीडी वाचतो आणि डीव्हीडी नाही: डिस्कपासून सुरुवात करा, शेवटी लेन्सपर्यंत जा.

डिस्क खटक्याने बसली का?

हसण्यावारी नेऊ नका. डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये डिस्क ट्रेवर नुसती ठेवायची असते. ट्रे आत गेला की वरून चकती येऊन ती धरते. स्लिम ड्राइव्हला तेवढी उंची नसते. त्याच्या मधल्या गोल दांडीत स्प्रिंगवरच्या तीन छोट्या गोळ्या असतात आणि डिस्क त्यांच्यावर दाबून बसवावी लागते. दांडीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून, खालून ट्रेला दुसऱ्या हाताचा आधार देऊन दाबा. "टक्" असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर डिस्क वाकडी फिरते, घासते आणि ड्राइव्ह दोन-तीन प्रयत्न करून गप्प बसतो. आयुष्यभर डेस्कटॉप वापरलेल्या माणसाला हे माहीत असण्याचं कारणच नाही. एक काकू एमआरआयची सीडी घेऊन तीन दुकानं फिरून माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या ड्राइव्हला फक्त हा एक खटका हवा होता.

मग डिस्क बदलून बघा. घरी बर्न केलेली डिस्क सोडा आणि कंपनीत छापलेली एखादी मूळ सीडी आणि मूळ डीव्हीडी घाला. लिहिलेल्या डिस्कवर माहिती रंगाच्या थरात असते, तो थर जुना झाला की चांगला ड्राइव्हही अडखळतो. छापलेल्या डिस्कवर ती अडचण नसते. छापलेली वाचली आणि लिहिलेली नाही, तर संशय आधी डिस्कवर घ्या.

डीव्हीडी उघडते, आतल्या फाइल दिसतात, पण पिक्चर लागत नाही, ही तर ड्राइव्हची तक्रारच नाही. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा चालवण्याची सोय विंडोजसोबत मिळत नाही. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका. एखाद्याचा मुलगा अमेरिकेहून लॅपटॉप घेऊन आलेला असतो, त्यातला ड्राइव्ह रीजन १ वर लावलेला असू शकतो (रीजन म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा क्रमांक). भारत रीजन ५ मध्ये येतो. रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर ड्राइव्ह तिथेच कायमचा अडकतो. तेव्हा सहज म्हणून बदलून बघू नका.

दिवा आणि ट्रे

मशीन चालू करा आणि ड्राइव्हच्या दिव्याकडे बघा. सुरू होताना तो एकदा तरी मिचकावला पाहिजे. बटण दाबा. स्लिम ड्राइव्हचा ट्रे मोटारीने बाहेर येत नाही, कुलूप सुटतं आणि स्प्रिंग त्याला थोडा पुढे ढकलते. त्या कुलपाला वीज लागते. म्हणून ट्रे सुटला, तर निदान ५ व्होल्ट ड्राइव्हपर्यंत पोचतायत हे नक्की. एवढ्या एका दाबण्यातून निम्मा शोध लागतो.

ट्रे अडकला असेल तर पुढच्या पट्टीवर एक बारीक भोक असतं. मशीन बंद करून त्यात सरळ केलेली कागदाची पिन घाला आणि हळू दाबा. चाकू, पकड काही घालू नका. ती पट्टी नुसत्या खाचांवर अडकलेली असते, पटकन तुटते.

सगळ्यात महत्त्वाची जागा: बायोस

माझं ऐकाल तर विंडोजमध्ये काहीही शोधायच्या आधी बायोसमध्ये जा. मशीन सुरू होताना एफ२, एफ१०, एस्केप किंवा डिलीट, जे तुमच्या कंपनीचं असेल ते बटण दाबत राहा. आत साटा (आयडीईनंतर आलेली जोडणी) पोर्टची किंवा ड्राइव्हची यादी असते.

इथे नाव दिसलं, तर केबल, कनेक्टर, वीज यांपैकी कशालाही हात लावू नका. ते सगळं काम करतंय, दोष विंडोजमध्ये आहे. नाव दिसलं नाही, तर विंडोज फॉरमॅट मारण्यात अर्थ नाही, कारण जे बायोसलाच दिसत नाही, ते सहसा विंडोजलाही दिसत नाही. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून दोन-दोनदा विंडोज टाकून माझ्याकडे आलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा सगळा डेटा गेला आणि शेवटी दोष निघाला एका वाकलेल्या पिनेत.

यादीत नाव भलतंच दिसेल, घाबरू नका. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव तिथे नसतं, ड्राइव्ह बनवणाऱ्याचं असतं. "एचएल-डीटी-एसटी" म्हणजे हिताची आणि एलजी, "टीएसएसटीकॉर्प" म्हणजे तोशिबा आणि सॅमसंग, "मात्शिता" म्हणजे पॅनासोनिक, "ऑप्टिआर्क" म्हणजे सोनी आणि एनईसी, "पीएलडीएस" म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन. यातलं काही दिसलं की तो तुमचाच ड्राइव्ह.

तिथेच एक नजर आणखी टाका. काही बायोसमध्ये ऑप्टिकल ड्राइव्ह किंवा तो साटा पोर्ट बंद करायची सोय असते. कॅडी लावताना कुणीतरी ती बंद करून ठेवलेली असते आणि विसरलेलं असतं.

बायोसमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही

या ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजकडे तो आधीपासून असतो. म्हणून ड्राइव्हचं नाव टाकून ड्रायव्हर शोधायला जाऊ नका, तिथून नको ती सॉफ्टवेअर मशीनमध्ये शिरतात.

आधी डिस्क मॅनेजमेंट उघडा. कधी ड्राइव्ह असतो, पण त्याला अक्षर मिळालेलं नसतं, कारण तेच अक्षर नेटवर्क ड्राइव्हने किंवा पेन ड्राइव्हने धरून ठेवलेलं असतं. दुसरं अक्षर द्या. तिथेही नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू करा, विंडोज त्याला नव्याने ओळखतं.

पिवळा त्रिकोण आणि कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ येत असेल तर बहुतेक वेळा जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) ठेवलेले फिल्टर (मध्ये बसणारे छोटे ड्रायव्हर) आडवे आलेले असतात. सॉफ्टवेअर काढलं तरी ते मागे राहतात. रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेटखाली कंट्रोल, त्याखाली क्लास, आणि त्यात ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी किल्ली शोधा. तिच्यात "अपर फिल्टर्स" आणि "लोअर फिल्टर्स" अशा नोंदी असतील तर त्या काढून मशीन रीस्टार्ट करा.

इथे थांबून पुन्हा वाचा. शेवटचा आकडा ५ च असला पाहिजे. ४डी३६ई९६७ ही हार्ड डिस्कची किल्ली आहे आणि ४डी३६ई९६बी कीबोर्डची. त्याच नावाच्या नोंदी तिथेही असतात. हार्ड डिस्कची नोंद उडाली तर विंडोज सुरू न होण्याची भीती असते, कीबोर्डची उडाली तर टाइप करता येत नाही. म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट करा आणि ती किल्ली एक्सपोर्ट करून ठेवा. हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या, त्यात काही कमीपणा नाही.

तरीही खात्री होत नसेल तर लिनक्सचा (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) लाइव्ह पेन ड्राइव्ह करून त्यावरून मशीन सुरू करा. काहीही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त बघायचं. तिथे डिस्क उघडली, तर हार्डवेअर शंभर टक्के चांगलं आहे आणि तुमचं भांडण फक्त विंडोजशी आहे.

बायोसमध्येच नाही: आता ड्राइव्ह काढा

मशीन नुसतं बंद करू नका. चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. चालू मशीनमधून ड्राइव्ह ओढून काढला तर कनेक्टरवर ठिणगी पडू शकते आणि मदरबोर्डवरचा तो पोर्ट गेला की पुढे सगळं महाग होतं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

लॅपटॉप उलटा करा. बहुतेकांना खाली डिस्कच्या चिन्हाजवळ एकच स्क्रू असतो. तो काढला की ड्राइव्ह सरळ पुढे ओढला जातो. ओढताना ट्रे धरू नका, ड्राइव्हचं अंग धरा. तोच स्क्रू त्याच जागी परत लावायचा आहे. लांब स्क्रू लावलात तर त्याचं टोक आत रुततं.

एक काळजी इथेच सांगतो. ड्राइव्ह नेहमीपेक्षा जड सरकतोय, लॅपटॉपचं तळ फुगल्यासारखं वाटतंय, टचपॅड वर आलाय, तर ड्राइव्ह विसरा. बॅटरी फुगलेली असू शकते. जोर लावू नका, चार्जिंगला लावू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

मागची पट्टी

स्लिम ड्राइव्हच्या मागच्या कोपऱ्यात दोन बारीक स्क्रूंनी लावलेली पत्र्याची एल आकाराची पट्टी असते. खालून येणारा तो एकमेव स्क्रू या पट्टीत बसतो. पट्टी नसेल तर ड्राइव्हला खाचेत धरून ठेवणारं काहीच उरत नाही. ड्राइव्ह विकत घेताना, बदलताना, काढून ठेवताना हीच पट्टी हरवते, कारण ती कुणाला महत्त्वाची वाटत नाही.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. एका फोटो स्टुडिओवाल्या दादांचा लॅपटॉप माझ्याकडे चार वेळा आला. तक्रार एकच, आठ-दहा दिवस चालतो, मग दिसत नाही. पहिल्या तीन वेळा मी ड्राइव्ह काढला, कनेक्टर साफ केला, परत बसवला, चालू झाला, दिला. चौथ्यांदा मी घाई केली नाही. टॉर्च शेजारीच होती, ती लावून खाचेच्या कडेला डोळा नेला आणि ट्रे उघडून त्यात डिस्क दाबून बघितली. अंगठ्याचा दाब पडला तसा ड्राइव्ह पुढून किंचित खाली गेला आणि मागून वर आला. ट्रे बाहेर ओढला तेव्हा अख्खा ड्राइव्ह केसभर पुढे सरकला. आत कुणीतरी सेलोटेपचा तुकडा लावून तो अडकवला होता, त्याचा गोंद उन्हाळ्यात वितळून चिकट डाग झाला होता. म्हणजे दर वेळी डिस्क घालताना कनेक्टर थोडा थोडा सुटत होता आणि मी दर वेळी तो फक्त परत दाबून देत होतो. माझ्या डब्यातल्या एका मेलेल्या ड्राइव्हची पट्टी काढली, दोन स्क्रू मारले, खालचा स्क्रू लावला. तो लॅपटॉप नंतर या तक्रारीसाठी आला नाही.

म्हणून काढून परत बसवल्यावर चालतो, या वाक्यावर समाधान मानू नका. का सुटला, ते शोधा. पट्टी वेगळ्या मॉडेलची असेल तर स्क्रूचं भोक जुळत नाही. तशीच पट्टी भंगारातल्या त्याच मॉडेलच्या ड्राइव्हवर मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुना ड्राइव्ह दाखवून विचारा, फोटो दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष वस्तू नेलेली बरी.

जाडी आणि कनेक्टर

स्लिम ड्राइव्ह मुख्यतः दोन जाडींत येतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. मोजपट्टीने मोजा, अंदाजाने ठरवू नका. जाड ड्राइव्ह पातळ खाचेत जाणारच नाही. पातळ ड्राइव्ह जाड खाचेत जातो, पण खेळतो, आणि वर सांगितलेली तक्रार सुरू होते. त्याला भर देणारी योग्य पट्टी आणि पुढचं तोंड लागतं.

मागून कनेक्टर बघा. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मध्ये एक रुंद, दोन ओळींचा, ५० पिनांचा कनेक्टर असेल तर तो जुना आयडीई ड्राइव्ह. बाजूला दोन पातळ जिभा असतील, एक ७ पिनांची आणि दुसरी ६ पिनांची, तर तो साटा. साधारण २००८ च्या आसपास लॅपटॉप आयडीईकडून साटाकडे वळले, त्यामुळे त्या काळातल्या मशीनचे ड्राइव्ह बाहेरून जुळे भावासारखे दिसतात आणि आतून एकमेकांना लागत नाहीत. आयडीई ड्राइव्ह साटाच्या खाचेत जोराने ढकलला तर दोन्हीकडचं नुकसान होतं.

आता दुसरी चूक. स्लिम साटाची डेटाची ७ पिनांची जीभ नेहमीच्या हार्ड डिस्कसारखीच असते, पण विजेची जीभ ६ पिनांची असते, हार्ड डिस्कची १५ पिनांची. म्हणून डेस्कटॉपमधली साधी साटा पॉवर केबल स्लिम ड्राइव्हला लागत नाही. १३ पिनांचा स्लिम साटा ॲडॅप्टर मागा. तो साधा जोड असतो, त्यात चिप नसते, म्हणून त्यात सहसा बिघाड होत नाही.

आयडीई ड्राइव्ह साटा पोर्टला लावायचा असेल तर मात्र नुसत्या तारा चालत नाहीत. मध्ये भाषांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. त्यातले काही फक्त हार्ड डिस्कसाठी बनवलेले असतात, ऑप्टिकल ड्राइव्हची अटापी भाषा त्यांना कळत नाही. विकत घेताना सीडी ड्राइव्ह चालतो का, हे विचारून आणि शक्य असेल तर दुकानातच लावून बघून घ्या.

कनेक्टर काढलाच आहे तर टॉर्च मारून पिना बघा. एखादी काळी पडली असेल तर मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या खाचेत हिरवट थर चढलेला मी पाहिलाय. पिन वाकलेली असेल तर हात लावू नका, पुढे वाचा.

वीज

स्लिम ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतो. त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, बहुधा ५ व्होल्ट आणि दीड अँपिअरच्या आसपास. हा आकडा वाचणं महत्त्वाचं आहे, कारण डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्ह सगळ्यात जास्त वीज ओढतो. ट्रे उघडतो, दिवा लागतो, पण डिस्क घातली की ड्राइव्ह गायब होतो, याचा अर्थ त्या क्षणी वीज कोसळतेय.

यूएसबी केसमध्ये घातलेल्या ड्राइव्हला हे नेहमी होतं. यूएसबी २ चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, यूएसबी ३ चा ९००. म्हणून दोन तोंडांची केबल येते, तिची दोन्ही तोंडं लावा, आणि डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट लांब बारीक तारांनी जोडलेले असतात.

डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याचा डबा) चार तारांच्या तोंडावरून ॲडॅप्टरला वीज घेताना रंग बघा. लाल तार ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट, दोन काळ्या अर्थिंग. ॲडॅप्टर उलटा लागला किंवा कुणी तारा कापून जोडल्या आणि १२ व्होल्ट ड्राइव्हला गेले, तर तो एका क्षणात जळतो आणि परत येत नाही. मल्टीमीटर असेल तर ड्राइव्ह लावायच्या आधी मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा हवा.

आयडीई ड्राइव्ह असेल तर मास्टर की स्लेव्ह

मोठ्या आयडीई ड्राइव्हच्या मागे जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असायचा. स्लिम ड्राइव्हला तो नसतो. त्याच्या ५० पिनांमधली ४७ नंबरची पिन ठरवते, ती अर्थिंगला जोडली असेल तर मास्टर, मोकळी असेल तर स्लेव्ह. काही ड्राइव्हमध्ये हे आतल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्येच, पक्कं केलेलं असतं. एकाच केबलवर दोन मास्टर आले की दोघंही दिसत नाहीत, म्हणूनच ड्राइव्ह लावल्यावर हार्ड डिस्क हरवते. सोपा उपाय, डेस्कटॉपमध्ये ड्राइव्हला स्वतंत्र केबल द्या. ५० ते ४० पिनांच्या काही ॲडॅप्टरवर छोटा जंपर मिळतो, तो बदलून बघा. केबलची लाल कड १ नंबरच्या पिनेकडे आहे ना, तेही बघा. पिनेवर टेप लावणं किंवा सोल्डर करणं हे घरी करायचं काम नाही.

विंडोज एक्सपीचं मशीन असेल आणि ड्राइव्ह अतिशय हळू चालत असेल, तर वाचताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी त्या चॅनेलचा वेग पायरीपायरीने उतरवत शेवटी पीआयओ या सगळ्यात हळू पद्धतीपर्यंत आणतं आणि आपोआप परत वाढवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केला की वेग परत येतो. चूक परत व्हायला लागली तर केबल बदला.

लेन्स, आणि तिथेच थांबायचं

स्लिम ड्राइव्हचा ट्रे उघडला की लेन्स समोरच असते, म्हणून तिच्यावर धूळही लवकर बसते. मशीन बंद करून कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या आणि लेन्सवर अगदी हलक्या हाताने एकदा गोल फिरवा. ती लेन्स केसासारख्या तारांवर लटकलेली असते, दाब दिला की वाकते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात.

सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. म्हणून एकच प्रकारची डिस्क वाचणं बंद होऊ शकतं. साफ करून फरक पडला नाही तर तो लेसर थकलाय. आतला छोटा स्क्रू फिरवून त्याची ताकद वाढवण्याचे सल्ले मिळतात, ते करू नका. लेसर काही दिवस चालतो आणि मग कायमचा जातो. आणि ड्राइव्ह उघडून वीज देणं तर कधीच नको. बंद ड्राइव्ह डोळ्यांना सुरक्षित असतो, उघडा नसतो. सीडीचा किरण जवळजवळ दिसतही नाही, तरी रायटरचा लेसर डोळ्याला इजा करू शकतो.

माहीतगाराकडे कधी न्यायचं

मदरबोर्डवरच्या कनेक्टरची पिन वाकली किंवा तुटली असेल. ५ व्होल्ट मोजताना आकडा हद्दीबाहेर जात असेल. जळल्याचा वास आला असेल. ट्रे आत-बाहेर होताना एका ठरावीक जागी दिवा विझत असेल, कारण ट्रेखालची कागदासारखी पट्टी केबल चिरलेली असते. डिस्क आत फुटली असेल. स्क्रीनच्या मागे सगळं असलेलं ऑल-इन-वन मशीन असेल, जिथे ड्राइव्हपर्यंत पोचायला काच काढावी लागते. आणि तुमच्याकडे दुसरा, नक्की चालणारा ड्राइव्ह नसेल, कारण तो लावून बघितल्याशिवाय दोष मदरबोर्डचा की ड्राइव्हचा हे ठरत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या डब्यात असा ड्राइव्ह असतोच.

त्याच्याकडे जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: बायोसमध्ये नाव दिसतं का, ट्रे बटणाने सुटतो का, आणि दुसऱ्या मशीनवर काय झालं. दर आधी विचारा. मदरबोर्डवर सोल्डरिंगचं काम निघालं, तर बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह बहुतेक वेळा स्वस्त पडतो. तसं असेल तर तसं सांगणारा माणूस निवडा.

ड्राइव्ह चालू झाला की पहिल्याच दिवशी घरातल्या महत्त्वाच्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, लग्नाची डीव्हीडी सगळ्यात आधी. भरलेल्या ४.७ जीबीच्या डिस्कला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कॉपी अडखळली तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न झेपणारी डिस्क दुसरा कधीकधी सहज वाचतो.